काका, झाकण उघडलंत म्हणून आभार

प्रिय मेकॅनिक काका,

सा. न. वि. वि.

माझ्या मुंजीची व्हिडिओ कॅसेट सीडीवर उतरवून घ्यायला मी दुकानात आलो होतो. मुलं सोबत होती, एवढंच. पण तुम्ही त्यांना स्टुलावर बसवलंत, हात मागे ठेवायला सांगितलंत आणि व्हीसीआरचं झाकण काढून कॅसेट चालू केलीत. त्याबद्दल मनापासून आभार मानायचे आहेत.

घरी मी मुलांना फार तर जुनं चित्र दाखवलं असतं. तुम्ही ते चित्र येतं कसं ते दाखवलंत. टेप बाहेर ओढली जाते, तिरक्या ड्रमला अर्ध्याहून जास्त वेढा घालते, आणि टेप वाचणारं हेड ज्यावर बसवलेलं असतं तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. टेप मात्र सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. "हेड एका जागी बसवलं असतं तर टेप सेकंदाला कित्येक मीटर पळवावी लागली असती, मग तीन तासांची कॅसेट केवढी झाली असती?" हा तुमचा प्रश्न थोरल्याने घरी येऊन आजोबांना विचारला. दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसले होते.

कॅसेट लगेच न लावता आधी खिडकीतून टेपवरची पांढरी बुरशी दाखवलीत, तेही मला फार आवडलं. कोकणातल्या पावसाळ्यांनी ती धरली होती. तशीच घातली असती तर हेड गेलं असतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलाही बुरशी लागली असती. तुम्ही हाताने टेप पुसत होतात तेव्हा मुलं अगदी शांत होती.

आणि शेवटपर्यंत टिकलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता सुटा भाग हवा तर दुसरं जुनं मशीन फोडावं लागतं, हे तुम्हीच सांगितलंत. असं मशीन तुम्ही मुलांसमोर उघडं ठेवलंत, चित्र नीट जुळवायचं ट्रॅकिंगचं बटण त्यांना फिरवू दिलंत. पडद्यावरचे पट्टे निघून माझी आजी स्पष्ट दिसली, ती धाकटीच्या हाताने. तिने पणजीला पहिल्यांदाच चालता-बोलताना पाहिलं.

धाकटीची एक शंका उरली आहे. पॉज केल्यावर टेप थांबते, तर चित्र कुठून येतं? ड्रम फिरतच असतो, टेपवरची चित्राची तीच रेघ पुन्हा पुन्हा वाचतो, असं मी सांगितलं. पण तिला ते झाकण काढून बघायचंय. शनिवारी दुपारी दुकानात गर्दी नसेल तर घेऊन येतो.

आपला,
मुंजीच्या कॅसेटवाला