शेवटचा प्वाल्यू

पॅरिस, ११ नोव्हेंबर

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

आज इथे सुट्टी. १९१८ साली याच तारखेला पहिलं महायुद्ध थांबलं. सकाळी स्मारकाशी वाहिलेली फुलं पाहिली आणि लाझार पोंतिचेली आठवले. त्या लढाईतल्या शिपायाला फ्रेंच माणूस ‘प्वाल्यू’ म्हणतो, म्हणजे दाढीमिशांचं रान वाढलेला गडी. हे त्यातले शेवटचे.

जन्म इटलीतल्या बेत्तोलाचा, १८९७चा. घरी अठराविश्वे दारिद्र्य. नवव्या वर्षी पोरगं एकटं आगगाडीत बसून पॅरिसला आलं. ना भाषा येत होती, ना अक्षरओळख. धुराड्यांत शिरून काजळी खरवडली, रस्त्यावर पेपर विकले. १९१४ला लढाई पेटली तेव्हा सोळा वर्षांचा होता. वय चोरून फॉरेन लीजनमध्ये, म्हणजे फ्रेंच सैन्याच्या परदेशी लोकांच्या पलटणीत, भरती झाला. ज्या देशाने पोटाला घातलं त्याचं देणं फेडायचं म्हणून.

ईशान्य फ्रान्समधल्या आर्गोनच्या जंगलातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दोन्ही खंदकांच्या मधे पाय मोडलेला एक फ्रेंच शिपाई विव्हळत पडला होता. लाझार सरपटत निघाला. वाटेत आधी एक जखमी जर्मन भेटला. त्याने दोन बोटं दाखवली: दोन लेकरं आहेत. लाझारने त्याला ओढत जर्मन खंदकापाशी पोचवलं, मग मागे फिरून आपला माणूस आणला. त्याने मिठी मारली आणि आपल्या चार पोरांच्या वतीने आभार मानले. पुढे त्याचं काय झालं, हे लाझारला कधीच कळलं नाही.

१९१५त इटली युद्धात उतरली आणि त्याला तिकडच्या सैन्यात जावं लागलं. लीजन सोडायची नव्हती, तेव्हा शिपायांच्या पहाऱ्यात नेलं. तिथे आल्प्सच्या डोंगरात गालाला जखम झाली. पुढे भावांबरोबर काढलेली धुराडी-पाइपांची कंपनी खूप वाढली. फ्रेंच नागरिकत्व मात्र १९३९ साली मिळालं!

शेवटच्या प्वाल्यूला शासकीय इतमामात निरोप द्यायचं सरकारने ठरवलं होतं. लाझार आजोबांनी साफ नकार दिला. आधी गेलेल्यांना काही मिळालं नाही, मग मलाच का, हा त्यांचा सवाल. जानेवारी २००८मध्ये उरलेले दुसरे प्वाल्यू लुई द कझनाव्ह गेले, हे एकटे उरले, तेव्हा साध्या प्रार्थनेला कबूल झाले. तीही सगळ्या मृतांच्या नावाने. १२ मार्चला गेले, वयाच्या ११०व्या वर्षी.

विनू, तुझे पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला गेले होते ना? माळ्यावरची त्यांची पेटी अजून आहे का? दिवाळीत गावी जाशील तेव्हा उघडून बघ. पलटणीचा नंबर सापडला तर लगेच कळव.

तुझा,
श्री