सुध्या, शून्य तुझंच बरोबर होतं

प्रिय सुध्या,

सहा महिने तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही, खरंच शरम वाटतेय. तब्येत बरी आहे, खोकला होता तो गेला, आईचं बीपी गोळ्यांवर ठीक. आता मुद्द्यावर येतो, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

पुण्याच्या लॅबमधला सेशियमचा किरणोत्सर्गी सोर्स आठवतो ना? तू दर रीडिंगआधी झीरो घ्यायचास, म्हणजे सिग्नल नसताना आकडा काय दिसतो ते बघायचास, आणि मी वैतागायचो, अरे सकाळी एकदा बघितलं की झालं, किती वेळ घालवतोस! त्यावरून आठ दिवस बोललो नव्हतो आपण, मेसमध्ये मधे पक्याला बसवून त्याच्या तोंडून आमटी मागायचो. तर लेका, परवा रात्री अडीच वाजता कळलं की तुझंच बरोबर होतं.

मी इथे जर्मनीत एलएबी नावाच्या द्रवावर काम करतोय, धुण्याच्या पावडरीचा कच्चा माल असतो तोच. न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशालाच न अडणारे बारीक कण, पकडणारा जूनो डिटेक्टर त्यानंच भरलाय. चीनमध्ये ज्यांगमेनजवळ, जमिनीखाली सातशे मीटरवर, ३५.४ मीटर व्यासाचा अॅक्रिलिकचा गोळा, आत २० हजार टन द्रव आणि भोवती प्रकाश टिपणाऱ्या साडेसतरा हजारांहून जास्त मोठ्या फोटोट्यूब. २६ ऑगस्ट २०२५ ला डेटा सुरू झाला त्या दिवशी तुला फोन करणार होतो, राहिलं. ५३ किलोमीटरवरच्या अणुभट्ट्यांतून येणाऱ्या अँटिन्यूट्रिनोंच्या स्पेक्ट्रमवर करवतीच्या दात्यांसारख्या बारीक लाटा असतात, त्या नेमक्या कुठे पडतात त्यावरून तिसरा न्यूट्रिनो बाकी दोघांपेक्षा जड की हलका ते ठरणार. १ एमईव्ही ऊर्जेला रेझोल्युशन, म्हणजे मोजलेला आकडा किती पसरतो ते, ३ टक्क्यांच्या आसपास ठेवलं नाही तर लाटा पुसल्या जातात. आता तूच हिशोब कर, १ एमईव्हीला फोटोट्यूबमध्ये मोजले जाणारे साधारण १६०० फोटोइलेक्ट्रॉन धर, वर्गमूळ ४०, म्हणजे अडीच टक्के नुसत्या मोजणीतच गेले. वर्गांची वजाबाकी केलीस तर बाकी सगळ्या भानगडींना मिळून दीड-पावणेदोन टक्के उरतात. जपानच्या जुन्या कामलँड डिटेक्टरचं एकूण सहा टक्क्यांच्या वर होतं, त्यावरून बघ हे किती अवघड आहे.

पण माझी झोप गेलीय ती पसरण्यानं नाही, सरकण्यानं. ऊर्जा दुप्पट झाली म्हणून प्रकाश बरोब्बर दुप्पट होत नाही. इलेक्ट्रॉन थांबत आला की थोड्याशा जागेत भरपूर ऊर्जा ओततो आणि त्यातली काही प्रकाश न होताच वाया जाते, वेगात असला की उलट चेरेन्कॉव्हचा थोडा प्रकाश वर मिळतो, त्यामुळे स्केलला बाक येतो. तुमच्या काट्यांच्या दुकानात काका म्हणायचे ना, शून्याला आणि पुऱ्या वजनाला खरा असलेला काटा मधेच खोटं बोलतो, अगदी तेच. आणि हा बाक चुकला तर लाटा सरकतात, जड-हलक्याचा उलटा क्रमसुद्धा खरा वाटू शकतो, मग रेझोल्युशन कितीही भारी असू दे. म्हणून स्केलमधली चूक एक टक्क्याच्या आत लागते. चीनमधल्याच आधीच्या दाया बे प्रयोगवाल्यांनी ती अर्ध्या टक्क्यापर्यंत आणली, पण त्यात वर्षं गेली त्यांची.

माझं मोजमाप तसं साधं आहे. सेशियमचा गॅमा छोट्या बाटलीतल्या द्रवात इलेक्ट्रॉनला धडकतो आणि पुढे उरलेली ऊर्जा मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरमध्ये जातो. गॅमाच्या ६६२ केईव्हीतून (हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही) जर्मेनियमचा आकडा वजा केला की इलेक्ट्रॉनला काय मिळालं ते कळतं, मग बाटलीतून प्रकाश किती आला ते बघायचं. १०० केईव्हीच्या खाली मला सुंदर बाक मिळाला होता. मार्चमध्ये मीटिंगला दाखवला, सर खूश होते.

परवा हीटिंग बंद झाल्यावर सहज पेडेस्टल, म्हणजे आपला तोच झीरो, परत घेतलं, तर शून्य एक केईव्हीएवढं सरकलेलं! वर ४७७ केईव्हीला त्यानं ०.२ टक्के फरक पडतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ५० ला २ टक्के! म्हणजे माझ्या बाकातला मोठा हिस्सा द्रवाचा नसून सरकलेल्या शून्याचा असणार. हात गार पडले रे.

सर म्हणतात एरर बारमध्ये टाकून दे. मला ते पटत नाही सुध्या. एरर बार माहीत नसलेल्यासाठी असतो, माहीत असून तसंच ठेवलं तर ते काटा मारणंच झालं. आणि आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीच्या थिसिसमध्ये माझाच आकडा आहे, पुढच्या महिन्यात सबमिशन. तिला मेल लिहून ठेवलाय, अजून पाठवला नाही, तिचा चेहरा डोळ्यासमोर येतो.

यार्डातल्या त्या हळदवाल्याचा काटा अख्खा सीझन चुकीचा निघाला तेव्हा काका स्वतः त्याच्या पेढीवर गेले होते ना? गेल्या गेल्या पहिलं वाक्य काय बोलले, त्यांना विचारून सांग, मला खरंच हवंय ते. आणि हेही सांग की इलेक्ट्रॉनिक काट्यातला वजन टिपणारा लोडसेल तापल्यावर तुम्ही शून्य किती वेळानं बघता.

बाकी दुकानाच्या नव्या बोर्डाचा फोटो झकास! काकांचा गुडघा कसा आहे? ओवी शाळेत रुळली का? वहिनींना नमस्कार सांग. सविस्तर पुढच्या पत्रात, नक्की.

मेल सोमवारी सकाळी पाठवतोय, त्याआधी तुझा फोन आला तर बरं वाटेल. तोवर दर वीस मिनिटांनी झीरो घेतोय.

तुझा,
नंद्या