इंजिन अडखळलंच नव्हतं

ती. आई-बाबांना सा. न.

रविवारी सकाळी तुमचा फोन आला तेव्हा इथे शनिवारची रात्र होती आणि माझे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखले होते, म्हणून उचलला नाही. आईने लगेच काहीबाही मनात आणलं असेल. काही झालेलं नाही. आपली कार्ट, ती शर्यतीची बुटकी उघडी गाडी, चालू झाली! पेट्रोलमध्ये एरंडेल तेल मिसळलं होतं. धुराचा पहिला भपकारा आला आणि मला ट्रॅकच्याही आधी आजीच्या हातातला चमचा आठवला.

आईला त्या वस्तूचं फक्त नाव आवडलं होतं. ‘एक कार्टी होतीच घरात, आता हे दुसरं कार्टं,’ असं ती सगळ्यांना फोन करकरून सांगायची. आणि बाबा, लोक पाहुण्यांना डिस्नेलँड दाखवतात. तुम्ही पुण्याहून आलेल्या मामाला पासाडीनाला रोझ बोल स्टेडियमबाहेरचं रिकामं पार्किंग दाखवायला नेलंत. आर्ट इंगल्सने १९५६ साली बनवलेली पहिली कार्ट इथे पळाली म्हणून! इंडियानापोलिसच्या रेसगाड्या बनवणाऱ्या कारखान्यातला माणूस, आणि स्वतःसाठी काय केलं, तर नळ्या जोडून सांगाडा आणि त्यावर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन. तुम्ही रंगून सांगत होतात आणि मामा टोपी शोधत होता.

आपलं इंजिन मात्र मॅक्युलॉकचं, सुमारे १०० सीसीचं. झाडं कापायच्या यंत्रकरवती बनवणाऱ्या कंपनीचं, त्यामुळे आवाजही तसाच. क्लच नव्हता. कुणीतरी मागची बाजू उचलून धरून पळायचं आणि वेग आला की चाकं धाडकन जमिनीवर सोडायची. तुमची पाठ धरली त्या वर्षी हे काम आईने केलं, पदर कमरेला खोचून, पायात माझे कॅनव्हासचे बूट घालून. बाकीच्या मुलांचे बाप बघत राहायचे.

वळायचं कसं, हे तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत. ना स्प्रिंग, ना डिफरन्शियल. मागची दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट, एकसारखीच फिरणार. म्हणून वळणावर गाडी सरळ जायचा हट्ट धरते. आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं, तरच ती ऐकते. तुम्ही आईच्या पाटाच्या पुढच्या एका पायाखाली काडेपेटी सरकवलीत आणि पाट बाहेरच्या बाजूला दाबलात. मागचा आतला पाय उचलला गेला. ‘स्टिअरिंग वळवलं की हीच काडेपेटी आपोआप सरकते,’ म्हणालात. जेवायला बसायचं होतं, आई ओरडत होती, पण मला ते कायमचं कळलं.

आता या पत्राचं खरं कारण सांगते. १९७९ ची रिव्हरसाइडची ती शर्यत.

ढकलून झालं की आई नेहमी मोटारीत जाऊन बसायची, काचा वर करून. त्या दिवशी मात्र ती कुंपणाशी उभी राहिली. शेवटची फेरी, मी दुसरी. सरळ रस्ता संपताना तुम्ही शिकवल्याप्रमाणे हात मागे नेऊन कार्ब्युरेटरचं, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं, तोंड तळव्याने क्षणभर झाकलं. हवा कमी होऊन पेट्रोलबरोबर जास्तीचं तेल आत जावं, पिस्टन तापून अडकू नये. मान वर केली तर समोर आई. दोन्ही तळवे डोळ्यांवर. ॲक्सिलरेटरवरचा माझा पाय आपोआप उठला, वळणाच्या बराच आधी. तिघे पुढे निघून गेले.

घरी येताना मी म्हटलं, ‘इंजिन अडखळलं.’

रात्री दोनपर्यंत तुम्ही कार्ब्युरेटर उघडून बसला होतात. स्पार्क प्लग बदामी होता, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण अगदी पाहिजे तसं; तुम्हीच तसं पुटपुटलात. तरीही माझ्या शब्दावर पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई पाव फेरा उघडलीत. मी जिन्यात उभी होते आणि बोलले नाही. त्यानंतर इंजिन पेट्रोल जास्त प्यायला लागलं आणि सरळ रस्त्यावर पुन्हा मोकळं पळालंच नाही. तुम्ही दोन वर्षं कारण शोधत होतात. वहीत तुमच्या अक्षरात आहे: ‘चिमीच्या तक्रारीवरून पाव फेरा.’ शनिवारी ती ओळ सापडली आणि कार्टवरच बसून राहिले.

आई, तू तेव्हा खरंच घाबरली होतीस की डोळ्यांवर ऊन येत होतं, हे मी तुला कधी विचारलंच नाही. आता विचारते. खरं सांग.

बाबा, सुई मी पाव फेरा मिटवली आहे. आवाज रेकॉर्ड करून पाठवते. कानातलं यंत्र लावून, टीव्ही बंद करून ऐका. सोबत प्लगचा फोटो आहे. रंग बघून कळवा.

तुमची,
चिमी

ता. क. मामाला सांगू नका, पण परवा मी जावयाला ते पार्किंग दाखवून आणलं. त्याच्याकडे टोपी होती.