गुडघा दाखवून घे

चि. अभिजितला अनेक आशीर्वाद.

उत्तराखंडातल्या लॅन्सडाऊनच्या दरवान सिंग संग्रहालयातून तू फोन केलास, ते सगळं आईला सांगितलं. गुडघ्याचं तेवढं गाळलं होतं, पण अक्काने सांगून टाकलं. दाखवलास का?

गेलेला खंदक परत घेणं एवढं अवघड का, असं तू विचारलंस. खंदक सरळ खणला तर टोकाची एक बंदूक तो अख्खा झाडून काढते. म्हणून मध्ये मध्ये मातीचा जाड ठोकळा सोडून त्याला वळसा घालतात. गोळा पडला तरी तुकडे त्या कप्प्यातच राहतात. पण तोच खंदक शत्रूकडे गेला की प्रत्येक वळण त्याचं. आधी पलीकडे बॉम्ब टाकायचा आणि तो फुटला रे फुटला की संगीन घेऊन घुसायचं. क्षणभर उशीर झाला तर समोरचा सावरतो, आणि घाई केली तर आपल्याच बॉम्बचे तुकडे आपल्याला. जागा एवढी अरुंद की मागे कंपनी असली तरी लढतात पुढचे एक-दोघेच. पहिल्या महायुद्धात, 23-24 नोव्हेंबर 1914 च्या रात्री फ्रान्समधल्या फेस्टुबर्टजवळ नाईक दरवान सिंग नेगी एकामागून एक वळणांवर असे पुढे होते. डोक्याला दोन जखमा, हाताला एक. 5 डिसेंबरला ब्रिटनच्या राजाने फ्रान्समध्येच त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, लावला.

त्यांच्याच गढवाल रायफल्समध्ये तू आहेस, हे आई वाण्यालासुद्धा सांगून आली. पण त्यांनी जखमा अंगावर काढल्या त्या एका रात्री, लढाई चालू असताना. तुझा गुडघा तीन आठवडे सुजलाय आणि लढाई कुठेच नाही.

त्या हिवाळ्यात खंदकांतल्या पाण्याने कितीतरी पाय गेले. बर्फच लागतं असं नाही. ओले मोजे, घट्ट बूट आणि तासन्‌तास उभं राहणं पुरतं. रक्त फिरत नाही, पाय आधी बधिर होतो. दुखायचं थांबलं म्हणून माणूस खूश होतो आणि तिथेच फसतो. वर गेलास की रोज बूट काढ, पाय कोरडे कर, चोळ, सुके मोजे घाल. एक जोड अंगाशी ठेव.

पुन्हा शिकवायला लागलो, राग मानू नकोस. चौथीत सायकलवरून पडलास तेव्हा बाही खाली ओढून जेवायला बसला होतास. वरणाच्या वाटीशेजारी रक्ताचा थेंब पडला तेव्हा कळलं. तो कोपर अजून पुरता सरळ होत नाही.

मेतकूट पाठवलंय. डॉक्टरकडे कोणत्या वारी जातोस ते कळव.

बाबा