गुण्या, खासबाग आणि तुझा गेलेला मार्क

कोल्हापूर,
रविवार, रात्र

प्रिय दिन्या,

फोनवर आकृती काढता येत नाही, म्हणून कागद घेतला.

आजीच्या स्टुलाची फूटभराची गोल फळी सुतारमामांकडं नेली होती. खाली मधोमध एकच पाय बसवायचा, म्हणजे नेमका मध्य हवा. मी शहाण्यासारखा दोरी शोधायला लागलो. मामांनी गुण्या, म्हणजे सुतारांची काटकोनी पट्टी, उचलला, कोपरा फळीच्या कडेला टेकवला, गुण्याच्या दोन्ही बाजू पलीकडं कडेला जिथं लागत होत्या तिथं पेन्सिलीच्या खुणा केल्या आणि जोडल्या. मग गुण्या सरकवून दुसरीकडं तेच. दोन रेघा छेदल्या तिथं खिळ्यानं टोचा. "झालं की!"

अर्धवर्तुळातला कोन काटकोन, हे आपण घोकून घोकून पाठ केलेलं. उलटीकडनं वाचायचं कधी सुचलंच नाही मर्दा! कडेवर काटकोन ठेवला की समोर व्यासच येणार. असे दोन व्यास, की केंद्र सापडलं.

घरी आल्यावर दादाच्या पोरीला सांगितलं. ती दहावीला आहे. म्हणाली, "काका, ते कळलं. पण अंतर्लिखित कोन, म्हणजे टोक वर्तुळावर असलेला कोन, समोरच्या कंसाच्या निम्माच का?" मग वहीवर बसलो. शिरोबिंदूपासून केंद्रातून पार पलीकडं रेघ ओढली. त्रिज्या सारख्या, म्हणून दोन्हीकडं समद्विभुज त्रिकोण. केंद्रापाशी प्रत्येकाचा बाह्यकोन म्हणजे आतल्या दोन सारख्या कोनांची बेरीज, म्हणजे दुप्पट. दोन्ही मिळवले की केंद्रीय कोन, आणि कंसाचं माप तेच. पोरगी गप्प. मग हळूच, "आणि केंद्र कोनाच्या बाहेर पडलं तर?"

दिन्या, तुझा मार्क इथंच गेला होता! तू एकच आकृती काढून "म्हणून सिद्ध" लिहिलंस आणि आठवडाभर सरांच्या नावानं बोंबललास. सर बरोबर होते लेका. तिथं बेरजेच्या जागी वजाबाकी करावी लागते, बाकी सगळं तेच. तिला दोन मिनिटांत जमलं.

एकाच कंसातले कोन सारखे, हे मात्र मी खासबागेवरनं सांगितलं. शाहू महाराजांचं ते कुस्तीचं मैदान 1912 चं, गोल पायऱ्यांचं. समज, तू आणि बाळ्या एकाच पायरीवर लांब लांब बसलाय. मी त्याच पायरीवर समोर कुठंही सरकत गेलो, तरी माझ्या नजरेतनं तुमच्या दोघांतला कोन तेवढाच. मात्र मधल्या हौद्याकडं, म्हणजे कुस्तीच्या मातीकडं, उतरलो की तो वाढणार, मैदानाबाहेर पडलो की घटणार. जीवा आत छेदल्या तर समोरासमोरच्या कंसांची निम्मी बेरीज, छेदिका, म्हणजे वर्तुळाला दोन ठिकाणी कापणाऱ्या रेघा, बाहेर भेटल्या तर निम्मी वजाबाकी: कंस 110 आणि 40 अंशांचे असले तर आत 75, बाहेर 35. ही दोन सूत्रं मी आयुष्यभर उलटसुलट लिहीत आलो, आणि हौदा डोळ्यांपुढं धरला असता तर कधी चुकलो नसतो.

स्टूल तयार आहे. थोडं डुगडुगतं, पण मामा म्हणतात दोष तुमच्या फरशीचा. पुढच्या महिन्यात आलास की तूच बसून बघ.

तुझा,
सुऱ्या