पहिला मोहोर खुडावा लागतो

रत्नागिरी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वाचनालयाच्या वक्तृत्व स्पर्धेला ‘राजकीय नेत्यांना शांतता पुरस्कार द्यावेत का’ हा विषय ठेवलात आणि परीक्षक म्हणून तुला बसवलं, हे फार बरं झालं. निम्मी मुलं नामांकनापासून सुरुवात करतील आणि निम्मी गांधीजींपासून. दोन्हीची माहिती आधीच हाताशी ठेव.

नोबेलच्या शांतता पुरस्कारासाठी नाव सुचवणं अगदी सोपं आहे. कुठल्याही देशाचा मंत्री किंवा खासदार, विद्यापीठातला इतिहासाचा किंवा कायद्याचा प्राध्यापक, आधीचा मानकरी, यांतला कोणीही ३१ जानेवारीपर्यंत नाव पाठवू शकतो. म्हणजे आपला खासदारसुद्धा. २०२५ साली अशी ३३८ नावं आली होती. समिती ती ५० वर्षं गुप्त ठेवते, त्यामुळे बातमी होते ती बहुतेकदा सुचवणाऱ्यामुळेच. १९३९ साली स्वीडनच्या एका खासदाराने उपरोधाने हिटलरचं नाव पाठवलं आणि नंतर मागे घेतलं. तेव्हा ‘अमक्याला नामांकन मिळालं’ एवढ्यावर कोणाला गुण देऊ नकोस.

गांधीजींचं नाव १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि १९४८ अशी पाच वर्षं गेलं. १९४८ साली, त्यांच्या हत्येनंतर, योग्य असा हयात उमेदवार नाही म्हणत समितीने पुरस्कारच दिला नाही. ही चूक मला अजून खुपते. पण तिच्यावरून ‘नेत्यांना देऊच नये’ हे सिद्ध होत नाही. १८९५ च्या मृत्युपत्रात नोबेलने तीन कामं सांगितली: राष्ट्राराष्ट्रांत बंधुभाव, खडं सैन्य कमी करणं, शांतता परिषदा भरवणं. यातलं मधलं काम सत्तेवरच्या माणसाशिवाय कोण करणार? सैन्य मागे घ्यायचा हुकूम तोच देऊ शकतो. म्हणून माझं उत्तर ‘द्यावा’ असंच आहे. प्रश्न आहे तो कधी द्यावा याचा.

तू बागायतदार, तुला हे चटकन पटेल. आंब्याचं कलम लावल्यावर पहिली तीन-चार वर्षं आलेला मोहोर आपण चिमटीने खुडून टाकतो. जीव तुटतो, पण तो ठेवला तर झाडाची सगळी ताकद फळात जाते आणि खोड पोसत नाही. समितीची घाई तशीच. ओबामांना २००९ सालचा पुरस्कार मिळाला. त्यांनी २० जानेवारी २००९ ला शपथ घेतली आणि त्या वर्षी नावं सुचवायची मुदत १ फेब्रुवारीला संपली. पदावर जेमतेम बारा दिवस झाले होते. इथिओपियाच्या अबी अहमद यांना एरिट्रियाशी समेट केल्याबद्दल २०१९ साली पुरस्कार मिळाला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्याच देशात टिग्रायचं युद्ध पेटलं. या घाईचं मूळ मृत्युपत्रातही आहे, कारण नोबेलने ‘मागच्या वर्षात’ केलेलं काम बघायला सांगितलंय. एका वर्षात करार होतो, शांतता मुरत नाही.

स्पर्धेत दोन करार शेजारी ठेवून बोलणारं कोणी निघालं तर कान देऊन ऐक. व्हिएतनामचं युद्ध थांबवण्यासाठी झालेला १९७३ चा पॅरिस करार घे. अमेरिकेचे किसिंजर आणि उत्तर व्हिएतनामचे ले डक थो यांना मिळून पुरस्कार जाहीर झाला, थो यांनी नाकारला, समितीतल्या दोघांनी राजीनामे दिले. करार का टिकला नाही? उत्तर व्हिएतनामचं सैन्य दक्षिणेत आहे तिथेच राहिलं आणि देखरेख चार देशांच्या आयोगाकडे दिली, त्यातही एकमताची अट. कॅनडा त्याच वर्षी बाहेर पडला. ३० एप्रिल १९७५ ला दक्षिणेची राजधानी सायगाव पडली.

आता इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन. त्यांनाही १९७८ साली पुरस्कार घाईनेच मिळाला. दोन देशांतल्या तहावर सही झाली ती मार्च १९७९ मध्ये. पण त्या तहात आकडे होते. इस्रायलच्या ताब्यातल्या इजिप्तच्या सिनाई वाळवंटाचे पट्टे पाडले. सुएझकडच्या ‘अ’ पट्ट्यात इजिप्तचे जास्तीत जास्त २२,००० सैनिक, सीमेपलीकडच्या ‘ड’ पट्ट्यात इस्रायलचे ४,०००. इस्रायलची माघार टप्प्याटप्प्याने, आणि शेवटच्या दिवशी, २५ एप्रिल १९८२ ला, निरीक्षक दल कामावर रुजू. सादात १९८१ मध्येच मारले गेले होते, तरी माघार थांबली नाही. पुरस्काराने तह टिकला असं कोणी म्हणालं तर थांबव; तो टिकला या बारीकसारीक कलमांनी.

आणि एकदा दिलेला पुरस्कार परत घेण्याची सोयच नाही, हेही मुलांच्या कानावर घाल. आपल्या थिबा राजवाड्यात ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा नजरकैदेत वारला. त्याच देशाच्या आँग सान स्यू ची यांना १९९१ साली नजरकैदेत असताना पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. डिसेंबर २०१९ मध्ये त्या हेगच्या न्यायालयात तिथल्या रोहिंग्या मुसलमानांच्या वंशसंहाराच्या आरोपाविरुद्ध देशाच्या वतीने उभ्या राहिल्या. पदक त्यांच्याच नावावर आहे.

गुणपत्रिकेत एक रकाना वाढवता आला तर बघ: सैन्य किती हललं, कोणी मोजलं, आणि नेता गेल्यावर काय उरलं. कोणी आपणहून सिनाईचं नाव काढलं, तर त्या मुलाचं नाव मला नक्की कळव. वाचायला पुस्तकं पाठवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिनू