आधी बोटाला चिमटा

चि. मुग्धा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "छातीत दुखणाऱ्या त्या आजोबांना मी ऑक्सिजन लावलाच नाही." आणि मी तुझ्यावर खेकसले. ते मनातून जाईना. एकतीस वर्षं वॉर्डात काढली गं. छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं की माझा हात आधी सिलिंडरच्या चावीकडे जायचा. बाटलीत बुडबुडे फुटायला लागले की पेशंटच्या आधी नातेवाइकांचा जीव भांड्यात पडायचा.

मग तू पाठवलेला तो मेलबर्नचा संशोधनाचा पेपर घेऊन दोन दुपारी बसले. तुमच्यासारख्याच पॅरामेडिकनी, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर उपचार करणाऱ्यांनी, तिथेच पेशंट दोन गटांत वाटले. एका गटाला मिनिटाला 8 लिटर ऑक्सिजन, दुसऱ्याला सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 94 टक्क्यांच्या खाली गेलं तरच. मोठा हार्ट अटॅक पक्का ठरलेले 441 जण निघाले. त्यातल्या काहींचं सहा महिन्यांनी एमआरआय केलं, तर ऑक्सिजनवाल्यांच्या हृदयाचा मेलेला भाग उलट जास्त! गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन गेला की हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणे. हे छापून आलं 2015 साली. मी त्यानंतरही कित्येक वर्षं मास्क लावत होते. मला कुणी सांगितलं नाही, हे खरं. मीही कधी विचारलं नाही, हेही खरं.

स्वीडनचा 2017चा अभ्यास याहून कितीतरी मोठा, 6629 जणांचा. तिथे सॅच्युरेशन बरं असलेल्यांना ऑक्सिजन दिला काय, न दिला काय, वर्षभरात दगावणारे दोन्हीकडे पाच टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे माझ्या हातून कुणाचा जीव गेला नसावा, असं मी स्वतःला समजावलं. (आईला एवढं चालतं.)

पण सिलिंडरला शिव्या घालू नकोस. 2021च्या एप्रिलमध्ये सॅच्युरेशन सत्तरवर घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. तू आधी बोटाला चिमटा (ऑक्सिमीटर) लावून सॅच्युरेशनचा आकडा बघतेस आणि मग ठरवतेस, तेच बरोबर. आम्ही आकडा बघायच्या आधीच चावी फिरवायचो.

एक मात्र सांग. मास्क लावला नाही की घरचे "काहीतरी करा ना!" म्हणून ओरडतात, तेव्हा तू काय म्हणतेस? आमच्याकडे त्या ओरड्यावर मास्क हेच औषध होतं.

तुझी,
आई